थॉर्नचेस्टर कॅथीड्रल, प्रश्नोत्तरांसह

१४, अल्मा स्ट्रीट, ओल्डहॅम
१७ जून १९८३

थॉर्नचेस्टर कॅथीड्रलच्या मार्गदर्शकप्रमुखांस,

महोदय,

मी तक्रार करणारी बाई नाही. हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा. मात्र मी खोलीत नसताना विचारा.

मंगळवारी आम्ही बसच्या गुपित सहलीला आलो होतो. बस कुठे चालली आहे ते ड्रायव्हरनं पोचेपर्यंत सांगायचं नाही, हीच म्हणे त्यातली गंमत. माझ्या नवऱ्यानं, वॉल्टरनं, समुद्र गृहीत धरून पोहायची चड्डी घेतली होती. निघालं कॅथीड्रल.

बस सव्वाअकरा ते एक थांबणार होती. तेवढ्या वेळात बिशपच्या तळ्यातले मासे, वाकडी गल्ली, टोप्यांचं संग्रहालय आणि ते पोर्क पाईचं दुकान एवढं पाहायचं, असं बाकीच्या बायकांनी ठरवलं आणि पाहिलंही. आम्ही कॅथीड्रलमध्ये शिरलो ते एकाच कामासाठी. मला बाथरूमला जायचं होतं. दारात लाल पट्टा घातलेले, हातात काठी असलेले एक उंच गृहस्थ उभे होते. परक्या पुरुषाला बाथरूम असं कसं विचारायचं? म्हणून मी विचारलं, "खाली जायचा जिना कुठे आहे हो?" ते म्हणाले, "वा! तळघरापासून सुरुवात करणारे दर्दी हल्ली फार थोडे!"

आम्ही सुटलो ते दुपारी दोनला दहा कमी असताना.

मधेच निघून का गेला नाहीत, असं तुम्ही म्हणाल. कसं निघणार? ऐकायला आम्ही दोघंच. दहा जण असते तर मागच्या मागे सटकलो असतो. दोघांतले दोघं सटकले तर मागे उरतं काय? शिवाय तो माणूस इतका खुशीत होता की त्याला अडवणं म्हणजे शेजारच्या पोराच्या केकवरची मेणबत्ती आपण फुंकण्यासारखं. मी तीनदा घड्याळ पाहिलं. एकदा तर कानाला लावून हलवलं. उपयोग नाही.

बसनं वीस मिनिटं वाट पाहिली. माझी नणंद डोरिस आत होती. ती ड्रायव्हरला म्हणाली, "राहायचं असेल त्यांना. चला." डोरिस तशीच आहे. आम्ही दोन गाड्या बदलून घरी पोचलो, ती चड्डी कोरडीच्या कोरडी घेऊन.

आम्हाला काही नको. फक्त त्या गृहस्थांना कुणीतरी सांगावं की भिंतींइतकंच ऐकणाऱ्याच्या तोंडाकडेही अधूनमधून बघत जा.

आपली,
हिल्डा शटलवर्थ (सौ.)

ता. क. तुमच्या तळघरात बाथरूम नाही. एका बिशपचं थडगं आहे.

*

३, कॅनन्स रो, थॉर्नचेस्टर
२१ जून १९८३

सौ. शटलवर्थ यांस,

आपलं पत्र मार्गदर्शकप्रमुखांना होतं. ते मीच. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेही मीच. त्यामुळे चौकशी लवकर आटोपली. दोषी आढळलो.

आपण घड्याळ पाहत होता हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, बाईंना काळ मोजण्याच्या शास्त्रात रस आहे. म्हणून उत्तरेकडच्या भिंतीवरचं जुनं घड्याळ मी वीस मिनिटं जास्त समजावलं. आपण आपलं घड्याळ कानाला लावलंत तेव्हा तर मला भरून आलं होतं.

तरीही माझ्या बाजूचं एक सांगतो. आमची फेरी पाऊण तासाची असते, आणि बारा वाजून पाच मिनिटांनी मी ती संपवली होती. मी म्हणालो, "आणखी काही विचारायचंय?" हे निरोपाचं वाक्य आहे. त्यावर "नाही, आभारी आहोत" म्हणायचं आणि बाहेर पडायचं, असा इथला रिवाज आहे. मी शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं हे काम करतो. कुणीही कधी दुसरं उत्तर दिलेलं नाही. श्री. शटलवर्थ म्हणाले, "छपरावरचं पावसाचं पाणी जातं कुठे?"

एवढ्या उत्सुक माणसाला थोडक्यात उत्तर देणं बरं दिसलं नसतं. मी त्यांना बाहेर नेलं, पाणी दाखवलं. पुन्हा तेच वाक्य म्हणालो. त्यांनी छपरावर शिसं किती टन आहे ते विचारलं. तिसऱ्यांदा म्हणालो. त्यांनी वटवाघळांची चौकशी केली.

मलाही साडेबाराला एका ठिकाणी पोचायचं होतं. पोचलो नाही, आणि ते ठिकाण आता कायमचं हातचं गेलं असं दिसतं. अर्थात त्यात आपला दोष नाही.

आपला नम्र,
लायनेल पेनफोल्ड

*

ओल्डहॅम
२४ जून

पेनफोल्ड साहेब,

तुमचं पत्र मी वॉल्टरला जेवता जेवता वाचून दाखवलं. काटा खाली ठेवून तो म्हणाला, "अगं, माणूस एवढा घसा कोरडा करून विचारतोय काही विचारायचंय का, तर नाही कसं म्हणायचं? मी मुद्दाम तीन प्रश्न जपून ठेवले होते."

"जपून?"

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मला काय करायचीत वटवाघळं!"

म्हणजे हिशेब असा झाला: मला जायचं होतं, वॉल्टरला जायचं होतं, तुम्हाला जायचं होतं, आणि आपण तिघं शहाणी माणसं माना वर करून वटवाघळांच्या जन्मदराबद्दल बोलत उभे होतो. हे दुसऱ्या कुठल्या देशात होत असेल तर मला कळवा.

आता ते "एक ठिकाण". डॉक्टरकडे जायचं असतं तर माणूस डॉक्टर असं लिहितो. दाताचा असेल तर जास्तच मोठ्यानं लिहितो. पुरुष "एक ठिकाण" लिहितो तेव्हा त्या ठिकाणाला टोपी असते.

तिचं नाव काय?

हिल्डा शटलवर्थ

*

थॉर्नचेस्टर
१ जुलै

सौ. शटलवर्थ यांस,

आपण कशावरून काय ताडलंत ते मला समजलं नाही. त्यांचं नाव मिस अर्सुला टॅपस्कॉट.

प्रार्थनेच्या वेळी गुडघे टेकायला ज्या भरतकामाच्या उशा असतात, त्या आमच्याकडे गावातल्या बायका शिवतात. मिस टॅपस्कॉट त्यांच्या प्रमुख. महापौरांच्या पत्नीनं शिवलेला उंट कुत्र्यासारखा दिसतो म्हणून त्यांनी तो सगळा उसवायला लावला होता. यावरून स्वभावाची कल्पना येईल. दर मंगळवारी साडेबाराला आम्ही कॅथीड्रलच्या उपाहारगृहात खिडकीजवळच्या टेबलावर चहा घेतो. अकरा वर्षं. चहाबरोबर खायचा एक स्कोन-पाव दोघांत. त्यात काही ठरलेलं वगैरे नाही. फक्त एकही मंगळवार चुकलेला नाही.

सात जूनला उठताना त्या म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी मला तुमच्याशी जरा बोलायचं आहे." सौ. शटलवर्थ, अकरा वर्षांत "जरा बोलायचं आहे" हे वाक्य आमच्यात आलेलं नव्हतं. मलाही काही बोलायचं होतं. सहा वर्षांपासून होतं, पण संधी मिळत नव्हती. मी नवीन टाय घेतला. आपण तो पाहिला असेल, तपकिरी.

आणि चौदा तारखेला, पाऊण वाजता, पावसाच्या पाण्याच्या निमित्तानं मी तुम्हा दोघांना घेऊन त्यांच्या खिडकीवरून गेलो. त्यांनी मान वर केली. मी थांबलो नाही. पाहुण्यांना वाऱ्यावर सोडून चहाला जायचं कसं?

त्यानंतर त्या शिवणाऱ्या बायकांच्या टेबलावर बसतात. मला म्हणतात, "आज हवा बरी आहे, मिस्टर पेनफोल्ड." आमच्या गावात याहून कठोर बोलत नाहीत. कॅथीड्रलच्या शिपायाकडून कळलं, त्यांची कपाटाएवढी पेटी रेल्वेनं वर्दिंगला गेली आहे. तिथे समुद्रकाठी निवृत्त माणसं राहायला जातात, त्यांची बहीणही तिथेच असते. म्हणजे त्याही जाणार, आणि कायमच्याच. वर्दिंगहून कुणी परत आल्याचं ऐकिवात नाही.

विषय कसा काढावा ते कळत नाही. हे सगळं मी आपल्याला का लिहिलं तेही कळत नाही.

ला. पेनफोल्ड

*

ओल्डहॅम
५ जुलै

पेनफोल्ड साहेब,

खिडकीतली निळ्या टोपीची बाई? अरे देवा!

तुम्ही तेव्हा काय केलंत आठवतंय का? छपराच्या कडेला ती दगडी सिंहीण आहे ना, जिच्या तोंडातून पाणी पडतं, ती बरोब्बर त्या खिडकीच्या वर. तुम्ही काठी रोखलीत आणि म्हणालात, "कित्येक वर्षं इथेच आहे. झिजली आहे थोडी, पण तोंड अजून शाबूत." आम्ही दोघं आ वासून बघत होतो. सिंहिणीकडेच, पण आतून काय दिसलं असेल? आणि खिडकी उघडी होती!

तुमच्या जागी मी असते तर टायसकट तळ्यात उडी टाकली असती. तुम्ही काही करू नका. तुम्ही केलंत तर त्यात एखादं शतक येईल. मीच तिला लिहिते.

हिल्डा

*

ओल्डहॅम
६ जुलै

मिस टॅपस्कॉट यांस,
उशा शिवणाऱ्या मंडळींच्या प्रमुख, थॉर्नचेस्टर कॅथीड्रल

तुम्ही मला ओळखत नाही. चौदा जूनला खिडकीबाहेर तोंड उघडं टाकून उभी असलेली हिरव्या रेनकोटातली बाई ती मी. शेजारी होता तो माझा नवरा. त्याचं तोंड एरवीही तसंच असतं.

पेनफोल्ड साहेब तुम्हाला दाखवत नव्हते, सिंहिणीला दाखवत होते. ते चहाला आले नाहीत कारण आम्ही त्यांना सोडलं नाही. आम्ही सोडलं नाही कारण त्यांनी आम्हाला सोडलं नाही. हे समजायला अवघड आहे, पण तुम्ही तिथल्याच असल्यामुळे समजेल.

आणखी एक. हे मी त्यांनाही सांगितलेलं नाही. अडीच तासांत तो माणूस एकदाही अडखळला नाही. सगळे बिशप, जन्ममृत्यूच्या सनांसकट, एका दमात. पण तुमच्या खिडकीपाशी आल्यावर "ही सिंहीण साधारण" एवढं म्हणाले आणि थांबले. शतक विसरले. वॉल्टरला वाटलं, भोवळ आली. मग त्यांनी काठी उचलली ती, माझ्या मते, तुम्हाला हात करायला. हातात काठी होती म्हणून काठी वर गेली. त्यापुढचं सगळं सारवासारव.

माझं लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली. माझ्याकडे बघून वॉल्टर अजून एकदाही शतक विसरलेला नाही.

नसत्या भानगडीत पडल्याबद्दल क्षमस्व. पण पडलेच आहे.

हिल्डा शटलवर्थ

*

थॉर्नचेस्टर
७ जुलै

सौ. शटलवर्थ यांस,

आपलं पत्र आत्ताच मिळालं. कृपा करून त्यांना लिहू नका. त्यांना परक्यांची पत्रं आवडत नाहीत. ओळखीच्यांचीही फारशी आवडत नाहीत. घाईत पोस्टात टाकतो.

ला. पे.

*

थॉर्नचेस्टर
१३ जुलै

प्रिय सौ. शटलवर्थ,

आपल्या पत्राबद्दल आभार. वाचून मनोरंजन झालं.

ती सिंहीण माझ्या चांगल्या परिचयाची आहे. मी तिच्याखाली अकरा वर्षं बसते आहे. पश्चिमेचा पाऊस असला की ती माझ्या खिडकीवर थुंकते. तिच्याबद्दल कुणी काही बोललं तर ते माझ्याबद्दल आहे असं मला वाटत नाही.

आपला परतीचा प्रवास सुखाचा झाला असेल अशी आशा करते. ओल्डहॅमला हवा कशी आहे?

आपली,
अर्सुला टॅपस्कॉट

*

ओल्डहॅम
१५ जुलै

पेनफोल्ड साहेब,

तुमचं "लिहू नका" आलं तेव्हा माझं पत्र जाऊन दोन दिवस झाले होते. मिस टॅपस्कॉटचं उत्तर आलं. तिनं हवा विचारली. मी तो कागद बाजूला करून आधी हात शेकले.

मी घोळ वाढवला असेल तर मला माफ करा. वॉल्टर म्हणतो, वाढवलाच आहे. पण वॉल्टरचं मत म्हणजे त्या तीन जपून ठेवलेल्या प्रश्नांसारखंच असणार.

आता शेवटचा सल्ला, मग मी गप्प. अकरा वर्षांत त्या बाईला तुम्ही एकदा तरी तुमच्या फेरीला नेलंत का? तुम्हाला बोलता येतं ते तेवढंच. चहाच्या टेबलावर तुम्ही कोण आहात? एका स्कोनचे अर्धे मालक. पण काठी हातात आली की तुम्ही वेगळेच होता, हे मी पायाला फोड येऊन सांगते आहे. तिला न्या. शेवटी तुमचं ते वाक्य म्हणा. आणि त्यानंतर, देवाची शपथ आहे, तोंड मिटून उभे राहा.

हिल्डा

*

थॉर्नचेस्टर
४ ऑगस्ट

प्रिय हिल्डाबाई,

(या संबोधनाबद्दल राग नसावा. कारण पुढे येईलच.)

आपल्या सल्ल्याप्रमाणे सव्वीस जुलैला मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. तिथे शिवणाऱ्या पाच बायका बसल्या होत्या. मी म्हणालो, "आज हवा बरी आहे." मिस टॅपस्कॉट म्हणाल्या, "हो, पण दुपारनंतर बदलेल म्हणतात." मी परत आलो.

गेल्या मंगळवारी मुसळधार पाऊस होता, त्यामुळे ते वाक्य वापरता येईना. दुसरं तयार नव्हतं. मी सरळ म्हणालो, "मिस टॅपस्कॉट, आपण कॅथीड्रल पाहिलंय का?"

त्या म्हणाल्या, "माझा बाप्तिस्मा इथेच झाला, मिस्टर पेनफोल्ड."

"तेव्हा आपण लहान होता," मी म्हणालो. "बरेच बारकावे निसटले असतील."

पाचही बायकांच्या सुया थांबल्या. मिस टॅपस्कॉटनी टोपी नीट केली आणि त्या उठल्या.

हिल्डाबाई, तीन तास दहा मिनिटं! माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम फेरी. आपल्यासाठी मी काही भाग गाळले होते. त्यांच्यासाठी काहीही गाळलं नाही. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापासून सुरुवात केली. पश्चिम खिडकीच्या काचा एकेक करून घेतल्या. पूर्ण वेळ त्या पापणी न हलवता ऐकत होत्या. असं लक्ष देऊन कुणी ऐकलेलं मी पाहिलेलं नाही, श्री. शटलवर्थ यांची क्षमा मागून लिहितो. हे मला अकरा वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं.

शेवटी उत्तर दाराशी थांबलो आणि म्हणालो, "आणखी काही विचारायचंय?"

त्या म्हणाल्या, "एकच. तुम्हाला काही विचारायचंय का?"

मी म्हणालो, "कशाच्या संदर्भात?"

त्या म्हणाल्या, "लायनेल, इथे गारठा आहे."

लायनेल! मग मी विचारलं. नेमके कोणते शब्द वापरले ते आठवत नाही. त्यात एकही सन नव्हता एवढं नक्की. त्यांनी "हो" म्हणायला चार सेकंद घेतले. मी उत्तरेकडच्या घड्याळावर मोजले. ते घड्याळ दिवसाला सहा मिनिटं मागे पडतं, तेव्हा प्रत्यक्षात किंचित जास्त असतील.

लग्न ठरल्याची घोषणा चर्चमध्ये तीन रविवार करतात, आपल्याला माहीतच आहे. पहिली अठ्ठावीस तारखेला. आपण दोघांनी यावं. डोरिसबाईंनाही आणा. वर्दिंगची पेटी परत मागवली आहे.

माझ्यावर आपले उपकार आहेत, आणि कॅथीड्रलचे. शेवटी इतिहासच कामी आला.

आपला,
लायनेल

*

थॉर्नचेस्टर
१० ऑगस्ट

प्रिय हिल्डा,

लायनेलनी तुम्हाला सगळं लिहिलं असं ते म्हणाले. त्यांना माहीत आहे तेवढं सगळं लिहिलं असेल. बाकीचं मी लिहिते. हे पत्र वाचून चुलीत घालायचं आहे, आणि वॉल्टरना जेवताना वाचून दाखवायचं नाही.

चौदा जूनला मला जे "जरा बोलायचं" होतं ते हे, की मी शनिवारी वर्दिंगला चालले आहे. कायमची. पेटी आधीच पाठवली होती, बहिणीनं खोलीला नवा कागद लावून घेतला होता. अकरा वर्षं मी वाट पाहिली, की हा माणूस कधीतरी बिशप सोडून दुसऱ्या कुणाबद्दल बोलेल. चौसष्टाव्या वर्षी बाईला दोन गोष्टी करता येतात: आणखी अकरा वर्षं वाट पाहणं, नाहीतर वर्दिंग. मी वर्दिंग ठरवलं.

ते त्या दिवशी चहाला आले असते तर मी सांगितलं असतं. ते म्हणाले असते, "समुद्राची हवा तब्येतीला चांगली." मी म्हटलं असतं, "हो, तसं म्हणतात." स्कोनचे दोन भाग झाले असते आणि शनिवारी मी गाडीत असते. मी त्या माणसाला ओळखते, हिल्डा. अगदी असंच झालं असतं.

पण ते आले नाहीत. आणि ज्याच्याबरोबर अकरा वर्षं चहा घेतला त्याला न सांगता गाव सोडणं हे काही बरं दिसत नाही. म्हणून शनिवारची गाडी सोडली. पुढच्या मंगळवारी सांगायचं, तर मी रागावलेली होते. आणि ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याचा निरोप कसा घेणार? आधी राग सोडायला हवा. राग सोडायचा तर त्यांनी काही म्हणायला हवं. ते हवेबद्दल म्हणत होते. अशी मी इथे सहा आठवडे निव्वळ रीतभात म्हणून अडकून पडले. बहीण रोज फोन करायची, "येतेस की नाही?" मी म्हणायचे, "अजून निरोप घ्यायचाय." शेवटी कंटाळून तिनं ती खोली एका निवृत्त दंतवैद्याला दिली.

मग तुमचं पत्र आलं. त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवून आता लाज वाटते. पण ते शतक विसरले ही ओळ मी कितीदा वाचली ते सांगणार नाही. तोपर्यंत मला वाटायचं, मी त्यांच्या मंगळवारातली एक वस्तू आहे. चहादाणीच्या नंतर, स्कोनच्या आधी.

आता त्या फेरीबद्दल. हिल्डा, ती भयंकर होती. कुंडापाशीच माझा उजवा बूट चावायला लागला. पश्चिम खिडकीत एकशे बारा काचा आहेत. मी पापणी हलवत नव्हते कारण हलवली असती तर उघडली नसती. दोनदा मनात आलं, चक्कर आल्याचं सोंग करावं. पण मान वर करून, काठी नाचवत तो माणूस इतका आनंदात होता, की त्याला थांबवायला जीव धजेना. तेव्हा मला तुमचं दुःख कळलं, आणि हेही कळलं की मी वर्दिंगला का जाऊ शकले नव्हते.

इतिहास कामी आला असं ते गावभर सांगत आहेत. कॅथीड्रलचे प्रमुख डीनसाहेब, त्यांना सांगितलं, शिपायाला सांगितलं, काल मासेवाल्यालाही. आता दर लग्नाच्या वाढदिवसाला मला पुन्हा एकदा ती फेरी घडवायची असं त्यांनी ठरवलं आहे, आणि मी "किती छान!" म्हणून बसले आहे.

त्यांना खरं कधीतरी सांगायलाच हवं. लग्न झालं की सांगेन. दुखावतील, हे उघड आहे. पण शेवटपर्यंत ऐकून घेतील. मधेच उठून जाण्याइतका उद्धटपणा त्यांच्यात नाही, आणि एवढ्याच भरवशावर मी लग्न करते आहे.

तुमची,
अर्सुला